टाईल्सवर पॅनल लावताय? आधी भिंत वाजवून बघा



गेल्या काही दिवसांत मंदिरातून परत येताना तिघीचौघींनी मला एकच प्रश्न विचारला. "तुमच्या बाथरूमला जुन्या टाईल्स न फोडता नवीन पॅनल लावले म्हणे. आम्हीही लावावेत का?" प्रत्येकीला रस्त्यात उभं राहून अर्धंच उत्तर दिलं गेलं, म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. थोडक्यात उत्तर असं की जरूर लावा. पण पॅनल लावायचं काम दोन दिवसांचं आणि त्याआधीची तयारी जवळजवळ महिन्याभराची, एवढं धरून चाला. ज्यांना तयारी करायची नसेल त्यांनी जुन्या टाईल्स घासूनपुसून तशाच वापराव्यात, ते जास्त बरं.

आमचं कारंज्याचं घर जुनं. माझं लग्न झालं तेव्हा मागच्या अंगणात दगडी न्हाणी होती, तांब्याचा बंब होता. घरातलं बाथरूम १९९९ मध्ये बांधलं, तेव्हाच्या पद्धतीच्या छोट्या पांढऱ्या टाईल्स आणि मध्ये फुलांची उंच पट्टी. आता त्या टाईल्स पिवळ्या पडल्या होत्या, सांध्यांत काळं साचलं होतं. पण माझी काळजी दिसण्याची नव्हती. सासूबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. स्वतःची आंघोळ स्वतः करायची, सोवळ्याचं लुगडं नेसायचं आणि मग सामायिकाला बसायचं, हा त्यांचा नेम. कुणी आंघोळ घातलेली त्यांना चालत नाही. त्यांना धरायला भिंतीत पक्का दांडा हवा होता, आणि ज्या भिंतीत तो बसवायचा ती भिंत भरवशाची हवी होती.

टाईल्स फोडून नव्या बसवायच्या तर आठ-दहा दिवस ग्राइंडर आणि हातोडी, घरभर धूळ, दारात राडारोडा. सासूबाईंना दमा आहे. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, फोडू नकोस, पॅनल लाव." त्याने फोनवर चित्रंही पाठवली. कल्पना चांगली होती. मग इथल्या एका कारागिराला बोलावलं. तो भिंतीकडे एकदा बघून म्हणाला, "काकू, टाईल्स कायले पाहता? डायरेक्ट चिपकवून देतो. दोन दिवसात काम खतम." मी त्याला म्हटलं, "काम तूच कर बाबा, पण मी बोलावीन तेव्हा ये."

मी थांबले त्याला एक कारण होतं. शिरपूरला दर्शनाला गेलो की वाटेत आम्ही एका नातलगांकडे उतरतो. त्यांच्याकडे असेच पॅनल थेट टाईल्सवर चिकटवले होते. पहिला पावसाळा गेला आणि बाथरूममध्ये कुबट वास येऊ लागला. एक पॅनल काढलं तर मागे काळी बुरशी, मुंग्यांची रांग आणि झुरळांची अंडी. शेवटी फवारणी करावी लागली. आपल्या घरात पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, आणि एका भिंतीमागे एवढे जीव वाढवून मग ते मारायची वेळ आणतो, हे मला फार लागलं होतं. गृहस्थाकडून आरंभी हिंसा पूर्ण सुटत नाही, हे आपल्याला शास्त्रानेच सांगितलंय. पण यत्नाचाराने ती कमी करता येते. बाथरूमच्या कामात तो यत्न पॅनल लावायच्या आधीच करावा लागतो, नंतर हात पोचत नाही.

भिंत वाजवणं

पहिलं काम टाईल्स वाजवून बघण्याचं. रुपयाचं नाणं किंवा लाकडी लाटण्याची मूठ घ्यायची आणि प्रत्येक टाईलच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर हलकेच टकटक करायचं. भरीव टाईल टणक वाजते, सुटलेली बद्द वाजते. बाजारात माठ वाजवून घेतो तसंच. जिथे बद्द वाजेल तिथे खडूने फुली मारायची.

टाईल्स पोकळ का होतात? जुनी पद्धत अशी होती की टाईलच्या मागे मध्यावर सिमेंटचा गोळा लावायचा आणि ती भिंतीवर दाबायची. मध्य चिकटतो, कोपरे रिकामे राहतात. शिवाय आपल्या वाशिम जिल्ह्यात बराच भाग काळ्या मातीचा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला भेगा पडतात. पाया खोल नसेल तर घर त्याबरोबर किंचित हलतं, भिंतींना बारीक तडे जातात आणि टाईल्स सुटतात. पॅनलचं वजन शेवटी टाईलवर येतं. टाईलच भिंतीला धरून नसेल तर पॅनल कितीही भारी डिंकाने चिकटवा, ते टाईलसकट खाली येईल. म्हणून सुटलेली टाईल काढायची आणि तो खड्डा टाईल अ‍ॅडेसिव्हने किंवा सिमेंटने भरून आजूबाजूच्या पातळीला आणायचा. अर्धीअधिक भिंतच बद्द वाजत असेल तर मात्र पॅनलचा विचार सोडा आणि टाईल्स काढा.

मी टकटक करत होते तेव्हा सासूबाई दाराशी खुर्चीवर बसून ऐकत होत्या. डोळ्यांनी कमी दिसतं, पण कान अजून पक्के आहेत. "ही बद्द, ही चांगली" असं त्याच सांगत होत्या. मग म्हणाल्या, "नळाच्या वरचा कोपरा बघ. तिथे भिंत बारा महिने गार लागते." मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" म्हणाल्या, "रोज उठताना तिथेच हात टेकते ना."

त्या कोपऱ्यातल्या चार टाईल्स सगळ्यात जास्त पोकळ निघाल्या. एक तर नुसत्या बोटांनी निघून आली. त्याच टाईलवर हात टेकून त्या रोज उठत होत्या. मी काही वेळ तशीच बसून राहिले.

आधी येणारं पाणी थांबवा

टाईल्सच्या मागे प्लास्टर ओलं होतं. प्लंबरने उघडून पाहिलं तर जुन्या लोखंडी पाइपाचा एल्बो गंजून बारीक पाझरत होता. पाझर इतका कमी की बाहेर कुठेच पाणी दिसत नव्हतं.

आस्रव आणि संवराचा नावेचा दृष्टांत आपण पाठशाळेपासून ऐकतो. नावेला छिद्र पडलंय, पाणी आत येतंय. छिद्र बुजवलं नाही आणि नुसतं पाणी उपसत बसलो तर काय उपयोग? आधी छिद्र बंद करायचं, तो संवर. मग आत साचलेलं पाणी काढायचं, ती निर्जरा. भिंतीचंही तसंच. पाझर चालू असताना पंखा लावून भिंत वाळवण्यात अर्थ नाही. आणि पाझर बंद केला म्हणून भिंत लगेच कोरडी होत नाही. दोन्ही कामं करावी लागतात, आणि याच क्रमाने.

तुमच्या भिंतीत पाझर आहे का हे घरच्या घरी ताडता येतं. रात्री झोपताना घरातले सगळे नळ बंद करा आणि वरच्या टाकीतल्या पाण्याची खूण करून ठेवा. सकाळी कुणी पाणी वापरायच्या आत बघा. पातळी उतरली असेल तर पाणी कुठेतरी जातंय. बाथरूमच्या भिंतीची दुसरी बाजूही बघा. तिथे रंगाला पोपडे आले असतील, पांढरा क्षार फुलला असेल, तर ओल आहे. शंका असेल तर प्लंबरकडून पाइपांत दाबाने पाणी भरून तपासणी करून घ्या.

आम्ही तिथला पाइप सीपीव्हीसीचा टाकला, भिंत भरून घेतली, सात दिवस नव्या प्लास्टरवर पाणी मारलं आणि मग वाळायला सोडलं. दार-खिडकी उघडी, समोर उभा पंखा. पुरेसं वाळलं की नाही हे बघायला हातभर प्लास्टिकचा जाड कागद त्या जागी चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून २४ तास ठेवला. भिंतीच्या बाजूला बाष्प धरलं तर ओल बाकी आहे असं समजायचं. पहिल्यांदा थेंब दिसले. अजून आठवडाभर थांबलो. दुसऱ्यांदा कागद कोरडा निघाला.

म्हणूनच हे काम अक्षय्य तृतीयेनंतर काढावं. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा भिंती जशा वाळतात तशा पुढे वाळत नाहीत. चातुर्मास लागायच्या आत काम संपलेलं असावं. पावसाळ्यात जीवोत्पत्ती वाढते आणि ओलही जात नाही.

एवढे दिवस सासूबाईंनी मागच्या अंगणातल्या जुन्या न्हाणीत आंघोळ केली. बंबही पेटवला. त्यांनी तक्रार केली नाही, उलट खूश होत्या.

साफसफाई: आधी तेल, मग क्षार

टाईलवर तीन थर असतात. एक तेलाचा, डोक्याच्या आणि अंगाच्या तेलाचा. दुसरा साबणाचा. तिसरा बोअरच्या जड पाण्यातल्या क्षाराचा. यातला एकही थर राहिला तर डिंक टाईलला न धरता त्या थराला धरतो.

आधी धुण्याचा सोडा कोमट पाण्यात विरघळवून मऊ ब्रशने टाईल्स घासल्या, तेल-साबण निघालं. चांगलं धुतलं. दुसऱ्या दिवशी क्षारासाठी सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे दुकानात मिळणारं लिंबूफूल, पाण्यात विरघळवून लावलं. लावायच्या आधी सांधे साध्या पाण्याने भिजवून घ्यायचे, म्हणजे ते आम्ल सिमेंटमध्ये शिरत नाही. पाच-दहा मिनिटांनी घासून भरपूर पाण्याने धुवायचं. सोडा आणि लिंबूफूल एकत्र करू नका. मी कॉमर्सची, माझ्या भाषेत सांगायचं तर ती जमा आणि नावे आहे, एकमेकांना खाऊन शिल्लक शून्य. फेस छान येतो, काम काहीच होत नाही.

बाथरूम धुवायचं बाजारी अ‍ॅसिड मी वापरलं नाही. त्याची वाफ छातीत जाते, ते सांध्यांचं सिमेंट खातं आणि मोरीत गेलं की तिथल्या जिवांचं काय होतं ते सांगायला नको. आणि हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेततं. गरम पाणी मी नेहमीप्रमाणे निवल्यावरच मोरीत सोडलं.

सांध्यांतल्या काळ्या बुरशीचा प्रश्न तुम्ही विचाराल. शेवाळ-बुरशी म्हणजे अनंतकाय. पाझर बंद करून बाथरूम तीन आठवडे कोरडं ठेवलं, तेवढ्यात बरीचशी आपोआप सुकून भुकटी झाली होती, ती पुसून घेतली. ती निर्माणच होऊ न देणं हे आपल्या हातात आहे आणि ते फक्त कोरड्या भिंतीने साधतं.

काढायचं काय, बुजवायचं काय

आरसा, साबणदाणी, टॉवेलचा दांडा, नळांच्या चकत्या, सगळं काढून ठेवा. कोपऱ्यातलं जुनं सिलिकॉन पातीने पूर्ण खरवडून काढा. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. फुलांची जी उंच पट्टी होती ती काढावीच लागली, नाहीतर तिथे पॅनल फुगून राहिलं असतं. ती जागा भरून सपाट केली.

मग ओळंबा आणि लांब सरळ पट्टी लावून भिंत बघितली. पट्टीखालून उजेड दिसला तिथे खळगा आहे असं समजायचं. खोल सांधे आणि खळगे टाईल अ‍ॅडेसिव्हने भरून घेतले. खिळ्यांची आणि पाइपांभोवतीची भोकं बुजवायच्या आधी टॉर्चने आत पाहिलं. दोन कोळी होते, त्यांना कागदावर घेऊन अंगणात सोडलं. एक रात्र जाऊ दिली, सकाळी परत पाहिलं आणि मगच भोकं बंद केली. हे काम कारागिरावर सोडू नका. त्याला घाई असते.

शेवटी टाईल्सची चकाकी मोडायची. काचेसारख्या गुळगुळीत थरावर डिंकाला पकड मिळत नाही. कारागीर ग्राइंडर फिरवणार होता. मी पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर आणला आणि त्याच्याकडून हातानेच घासून घेतलं. ओलं घासल्याने धूळ उडाली नाही, सासूबाईंना त्रास झाला नाही. नंतर सगळं पुसून दोन दिवस वाळू दिलं आणि पॅनल लावायच्या दिवशी स्पिरिटच्या फडक्याने एकदा फिरवलं. कोणता डिंक आणि त्याखाली प्रायमर लागतो का, हे डब्यावर लिहिलेलं असतं. ते आधी वाचून घ्या.

मोजमाप आणि हिशोब

आमचं बाथरूम ७ फूट बाय ५ फूट. चारही भिंतींची मिळून लांबी २४ फूट, उंची ७ फूट, म्हणजे १६८ चौरस फूट. दार अडीच बाय साडेसहा, ते सव्वासोळा फूट वजा केले की उरले सुमारे १५२. शीट येते ८ बाय ४ ची, म्हणजे ३२ चौरस फूट. भागाकार केला तर पाच शीट पुरतील असं वाटतं. पण पाच पुरत नाहीत. शीट उभी लागते आणि रुंदी ४ फुटांची. ७ फुटांच्या भिंतीला ४ आणि ३, ५ फुटांच्या भिंतीला ४ आणि १, परत ४ आणि ३, आणि दाराच्या भिंतीला अडीच. हे तुकडे कागदावर जुळवून बघा, सहा शीट लागतात. दुकानात जायच्या आधी हा कागद तयार ठेवा, म्हणजे कमीही येणार नाहीत आणि उगाच आठही गळ्यात पडणार नाहीत.

पीव्हीसी उन्हाळ्यात वाढतं, थंडीत आक्रसतं. आपल्याकडच्या थंडी-उन्हाळ्याच्या फरकाने ८ फुटांच्या शीटमध्ये तीन-चार मिलिमीटरचा फरक पडू शकतो. म्हणून कडेला आणि जमिनीलगत तेवढी फट सोडून ती सिलिकॉनने भरायची. शीट आणल्यावर घरात सपाट ठेवून एक-दोन दिवस घरच्या हवेला येऊ द्या. गिझरचा गरम पाइप पॅनलला टेकू देऊ नका. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं. गिझरचं वजन भिंतीतल्या बोल्टवरच हवं, पॅनलवर नाही. विजेचा मेन स्विच बंद करून बटणांची पेटी इलेक्ट्रिशियनकडूनच पुढे घ्या.

आणि भिंत झाकायच्या आधी तिचा नकाशा काढा. कोपऱ्यापासून किती इंचांवर पाइप, किती उंचीवर वायर, कुठे भरीव वीट, हे सगळं वहीत लिहा आणि फोटोही काढा. नंतर कुणी भोक पाडायला आलं की ही वही कामाला येते. दांड्याची जागा आम्ही तेव्हाच ठरवली. सासूबाईंना स्टुलावर बसवलं आणि उठायला सांगितलं. हात आपोआप जिथे गेला तिथे खूण केली. दांडा पॅनलमधून थेट विटेच्या भिंतीत लांब बोल्टने पक्का केला. रबरी चकतीने हवेवर चिकटणारे दांडे मिळतात, ते वयस्कर माणसासाठी घेऊ नका.

पॅनल लावल्यावर सिलिकॉन वाळायला २४ तास पाणी लागू दिलं नाही. कारागिराने काम झाल्यावर भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "काकू, आता हे हालत नाई." पैसे घेताना त्याने मला त्या प्लास्टिकच्या कागदाची युक्ती परत एकदा विचारून घेतली.

एक गोष्ट मनात राहिली ती सांगते. दुसऱ्याचा दोष झाकणं हे उपगूहन, सम्यग्दर्शनाचं अंग. पण आपल्या स्वतःच्या दोषावर छान आवरण घालणं ही माया, आणि माया हे शल्य आहे. आत राहिलेला काटा वरून दिसत नाही, पण सुखाने बसू देत नाही. भिंतीच्या बाबतीत तर हे अगदी शब्दशः खरं आहे.

घरात वयस्कर माणूस असेल तर बाथरूमचं काम काढण्याआधी त्यांना एकदा विचारा: हात कुठे टेकता, पाय कुठे सरकतो, कुठे गार लागतं. ती भिंत रोज त्यांच्या हाताखालून जाते. आमच्या सासूबाईंना पॅनलचा रंग कसा आहे हे अजून नीट माहीत नाही. दांडा डाव्या हाताला आहे एवढं त्यांना माहीत आहे, आणि आंघोळ अजून त्यांची त्याच करतात.

जय जिनेंद्र.